फोम बिटुमेनमध्ये रसायन घालायचंय? आधी फेस मोजायला शिका

१७० अंशांच्या डांबरात पाण्याचा बारीक फवारा मारला, की ते ड्रममध्ये दहा-बारा पट फुगून वर येतं आणि मनातल्या मनात सात अंक मोजेपर्यंत निम्म्यावर बसतं. तेवढ्या सात सेकंदांत हे फेसाळलेलं डांबर, म्हणजेच फोम बिटुमेन, खडीत, कचीत, जुन्या रस्त्याच्या खरवडलेल्या मालात मिसळलं पाहिजे. उशीर झाला तर फेसाचं पुन्हा साधं चिकट डांबर होतं आणि थंड मालात त्याच्या गोळ्या राहतात. हे सेकंद वाढवण्यासाठी डांबरात जी रसायनं घालतात, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. कोल्ड रिसायकलिंगच्या (जुना रस्ता खरवडून तोच माल न तापवता पुन्हा वापरण्याच्या) कामावर किंवा त्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नव्या मुलांनी फेस मोजायच्या आधीच रसायनाचा कॅन उघडल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. हा क्रम उलटा आहे. फेस का बसतोय हे कळल्याशिवाय घातलेलं रसायन खरं दुखणं झाकून टाकतं, आणि ते पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर वर येतं.

फेस होतो म्हणजे काय होतं

ओला कढीपत्ता तापलेल्या तेलात पडला की तडतडतो, कारण पानावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते. इथेही तेच घडतं, फक्त बंद खोलीत. नोझलच्या आधी एक लहानसं दालन असतं. त्यात गरम डांबर, दाबाखालची हवा आणि डांबराच्या वजनाच्या २ ते ३ टक्के पाणी एकत्र येतात. पाण्याची वाफ होते, ती डांबराच्या पातळ पडद्यांत अडकते आणि फेस नोझलमधून बाहेर पडतो. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात लाडिस चान्यी यांनी १९५० च्या दशकात हे पहिल्यांदा केलं तेव्हा ते वाफच वापरत होते. साइटवर बॉयलर नेणं जिकिरीचं होतं. पुढे ऑस्ट्रेलियात मोबिल कंपनीने वाफेऐवजी थंड पाणी वापरायची सोय केली आणि मग ही पद्धत रस्त्यावर उतरली.

थोडं गणित करू. ५०० ग्रॅम डांबरात अडीच टक्के म्हणजे साडेबारा ग्रॅम पाणी. १ ग्रॅम पाण्याची साधारण १.७ लिटर वाफ होते, म्हणजे एकूण एकवीस लिटर. डांबर अर्धा लिटर. सगळी वाफ अडकली असती तर फेस चाळीस पटींच्या वर गेला असता. प्रत्यक्षात तो दहा-पंधरा पट फुगतो, म्हणजे बहुतेक वाफ निसटून जाते. फेस टिकवणारं रसायन काम करतं ते इथेच. ते जास्त वाफ तयार करत नाही, झालेली वाफ पडद्यात जास्त वेळ धरून ठेवतं. साध्या पाण्यात काडी घुसळली तर बुडबुडे लगेच फुटतात, रिठा घातला की टिकतात. डांबराच्या पडद्यालाही असाच रिठा लागतो.

दोन आकडे, एक बादली

पहिला आकडा फुगवट्याचा. फेसाची जास्तीत जास्त उंची भागिले नुसत्या डांबराची उंची. साइटवर याला सगळे एक्स्पान्शन म्हणतात. दुसरा अर्धायुष्याचा: फेस सर्वांत उंच असल्यापासून निम्म्यावर येईपर्यंतचे सेकंद, म्हणजेच हाफ-लाइफ.

प्रयोगशाळेतल्या फोमिंग यंत्रातून ५ सेकंदांत ५०० ग्रॅम डांबर २७५ मिलिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या ड्रममध्ये सोडतात. या ड्रममध्ये नुसत्या ५०० ग्रॅम डांबराचा थर जेमतेम साडेआठ मिलिमीटर उंच असतो. म्हणून फेस ८५ मिलिमीटर वर आला तर फुगवटा साधारण १०. यंत्राबरोबरची खुणांची पट्टी हरवली असेल तर हा हिशेब पाठ ठेवा. दुसरी बादली वापरत असाल तर तिचा व्यास मोजून नवा आकडा काढा. ड्रम आधी गरम करून घ्या, गार पत्र्यावर फेस लवकर बसतो आणि अर्धायुष्य खोटं कमी दिसतं. ड्रम गरम व्हावा म्हणून एक-दोन फवारे वाया घालवायला संकोच करू नका.

एक जण फक्त पट्टीकडे बघेल, दुसरा फक्त घड्याळाकडे. दोन्ही कामं एकट्याने केली की आकडे डळमळतात. प्रत्येक मापन तीनदा.

किती हवेत? दक्षिण आफ्रिकेच्या टीजी-२ मार्गदर्शिकेनुसार माल २५ अंशांपेक्षा गरम असेल तर फुगवटा किमान ८ आणि अर्धायुष्य किमान ६ सेकंद. माल १० ते २५ अंशांत असेल तर १० आणि ८. माल १० अंशांखाली गेला तर कामच करू नये. डिसेंबरातल्या पहाटे नाशिककडे किंवा विदर्भात ढिगाऱ्यातल्या मालात थर्मामीटर खुपसून बघा, दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात अपेक्षा याहून बऱ्याच कडक आहेत, फुगवटा १० आणि अर्धायुष्य २० सेकंद. नुसत्या डांबराला ते सहसा जमत नाही, त्यामुळे तिथे फोमिंग एजंट, म्हणजे फेस टिकवणारं रसायन, घालणं हा नेहमीचा भाग झाला आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७ आणि आयआरसी:१२० या मार्गदर्शिकांत अशा थरांचा विचार आहे. पण तुमच्या निविदेत कोणते आकडे लिहिलेत ते आधी वाचा, कामाचं मोजमाप त्यांवरच होतं.

पहिली पायरी: रसायनाशिवायची चाचणी

१६०, १७० आणि १८० अंश अशी तीन तापमानं घ्या. प्रत्येकावर २, २.५, ३ आणि ४ टक्के पाण्याने फेस काढा. पाणी वाढवलं की फुगवटा वाढतो आणि अर्धायुष्य घटतं. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात असा पाण्याचा एक पट्टा दिसतो. त्याच्या मधोमध तुमचं पाणी. पट्टा रुंद असेल तर तुम्हाला रसायनाची गरज नाही. अरुंद असेल तर साइटवर पाण्याचा पंप थोडा इकडेतिकडे झाला तरी फेस हातचा जाईल. पट्टाच नसेल तर दुसरी पायरी.

पाणी वाढवून फुगवटा दाखवायचा मोह आवरा. पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता डांबरातूनच जाते. दर एक टक्का पाण्यामागे डांबर साधारण १२-१३ अंशांनी गार होतं. चार टक्क्यांवर पन्नास अंश गेले. फेस उंच दिसला तरी आतून घट्ट होत चाललेला असतो.

दुसरी पायरी: फेस का होत नाही ते शोधा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथेच.

एका कामावर आमचा फेस पाच पटींच्या वर जाईना. फोमिंग एजंट मागवला, सांगितलेल्या मात्रेत घातला, फरक नाही. मात्रा दुप्पट केली, किंचित फरक पडला, आणि तसंच दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी एका मदतनिसाने हातातला थर्मामीटर टँकरच्या नळाखाली धरला. टँकरचा काटा १७२ दाखवत होता, डांबर होतं १४८ अंशांवर. बर्नर लावून डांबर खऱ्या १७० वर आणलं आणि रसायनाशिवायच फुगवटा ११ आला. त्या दोन दिवसांचा पट्टा आम्हाला उखडून पुन्हा करावा लागला. तेव्हापासून टँकरच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

तापमान खरं आहे याची खात्री झाली की पुढे बघा. हवेचा दाब आणि पाण्याचा दाब यंत्राच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे आहे का? डांबराच्या जाळीत कोळशासारखी काजळी अडकली आहे का? वारंवार तापवलेल्या टँकरच्या तळाशी ती साचते आणि नोझल चोंदवते. पाण्याच्या नोझलमध्ये वाळूचा कण आहे का?

मग डांबराकडे वळा. व्हीजी-१० सारखं मऊ डांबर व्हीजी-३० पेक्षा सहसा चांगलं फुगतं (व्हीजी म्हणजे दाटपणावरून ठरलेली डांबराची ग्रेड). रबर किंवा पॉलिमर घातलेलं सुधारित डांबर फेसासाठी सहसा घेत नाहीत. आपल्याकडे कच्चं तेल वेगवेगळ्या देशांतून येतं, त्यामुळे ग्रेड तीच असूनही दोन टँकरांचा फेस सारखा असेलच असं नाही.

सगळं ठीक असून फेस तोंडात विरघळल्यासारखा नाहीसा होत असेल तर सिलिकोनचा संशय घ्या. साठवणीत किंवा वाहतुकीत डांबर फेसाळून उतू जाऊ नये म्हणून त्यात अगदी थोडं, दहा लाखांत काही भाग एवढंच, सिलिकोनचं फेसरोधक घातलेलं असू शकतं. टँकर भरणाऱ्याला ते हवंच असतं, तुमच्या कामात मात्र ते विष आहे. पुरवठादाराला हा प्रश्न लेखी विचारा, आणि खरेदीच्या कागदावर ‘फेसरोधक नसलेलं’ असं लिहून घ्या.

तिसरी पायरी: कोणतं रसायन, कशासाठी

बाजारात सगळंच ‘अॅडिटिव्ह’ म्हणून विकतात. त्यांची कामं मात्र वेगवेगळी आहेत.

फोमिंग एजंट म्हणजे पृष्ठभागावर काम करणारी रसायनं, आपल्या रिठ्याची भावंडं. त्यांतली काही डांबरात मिसळतात, काही फेसाच्या पाण्यात. डांबरात घालायची साधारण डांबराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत पुरतात, क्वीन्सलँडमध्ये अर्धा टक्का ही ओळखीची मात्रा आहे. पाण्यात घालायची असतील तर प्रयोगशाळेत बाटलीतलं शुद्ध पाणी वापरू नका, साइटवर येणार तेच पाणी आणा. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात साबण फेस धरत नाही हे घरोघरी माहीत आहे, आणि काही फोमिंग एजंट साबणाच्याच जातीचे असतात.

चिकटपणा वाढवणारी अमाइनयुक्त रसायनं वेगळी. ती फेस टिकवायला नसतात, ओल्या दगडावरून डांबर सुटू नये म्हणून असतात. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झच्या दगडाला त्यांची गरज जास्त. आपला सह्याद्रीचा काळा दगड या बाबतीत बरा, तरी चाचणी चुकवू नये.

सिमेंट आणि चुना ही पावडर असली तरी रासायनिक भरच आहे, आणि माझ्या मते सर्वांत कामाची. सिमेंट १ टक्क्याच्या वर नको आणि डांबराच्या टक्क्यापेक्षा जास्त तर नकोच. नाहीतर थर काँक्रीटसारखा ताठ होतो आणि तडकतो. जुन्या रस्त्याच्या मालात मुरूम आणि काळी माती मिसळली असेल, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकणपणाचा आकडा) १० च्या वर असेल, तर आधी चुना. काळ्या मातीच्या गोळ्यांत फेस शिरतच नाही, तिथे कितीही महाग फोमिंग एजंट घातला तरी उपयोग नाही.

झिओलाइटबद्दल नवखे हमखास विचारतात. तो या कामाचा नाही. त्याच्या स्फटिकांत पाणी कोंडलेलं असतं, ते १०० अंशांच्या वर हळूहळू सुटतं आणि प्लांटमधल्या गरम मिश्रणात सूक्ष्म फेस करतं. थंड मालावरच्या रिसायकलिंगशी त्याचा संबंध नाही. (पुणे-नाशिक-जळगाव भागातल्या दगडखाणींत सापडणारे सुंदर झिओलाइट याच कुळातले. रस्त्यासाठी मात्र कारखान्यात केलेली पावडर वापरतात.)

चौथी पायरी: मात्रा ठरवणं

डांबरात घालायच्या एजंटाचं उदाहरण घेऊ. यंत्राच्या किटलीत १० किलो डांबर असेल तर ०.२५ टक्क्यांना २५ ग्रॅम, ०.५ ला ५० ग्रॅम, ०.७५ ला ७५ ग्रॅम. तराजू ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा हवा. एजंट घातल्यावर डांबर फिरवत ठेवा, नुसतं ओतून लगेच फवारा मारला तर पहिल्या बादलीत सगळं रसायन आणि शेवटच्या बादलीत काहीच नाही असं होतं.

प्रत्येक मात्रेला पाण्याची तीच मालिका पुन्हा करा आणि आलेख एकमेकांवर ठेवा. बहुतेकदा अर्धायुष्याची रेषा चांगली वर सरकते, फुगवट्याची थोडीच. एका मात्रेनंतर रेषा सरकायची थांबते. तिच्या पुढे पैसे घालू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या किम जेनकिन्स यांनी फेस बसण्याच्या वक्राखालचं क्षेत्रफळ मोजून ‘फोम इंडेक्स’ सुचवला. दोन एजंटांत एक जास्त फुगवतो आणि दुसरा जास्त टिकवतो अशी पंचाईत झाली की हा एकच आकडा तुलनेला बरा पडतो.

त्यानंतरची चाचणी बरेच जण विसरतात. एजंट मिसळलेलं डांबर १७० अंशांवर तसंच ठेवून दोन तासांनी, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस काढा. बरीचशी रसायनं उष्णतेत मोडतात. सकाळी मिसळलेला टँकर यंत्र बिघडल्यामुळे संध्याकाळपर्यंत उभा राहिला, तर त्यात काय उरलंय हे तुम्हाला आधीच माहीत हवं.

पाचवी पायरी: फेस नव्हे, माल तपासा

चांगला फेस हा अर्धाच निकाल. तोच फेस खऱ्या मालात मिसळा. मालातली ०.०७५ मिलिमीटरखालची भुकटी किमान ४-५ टक्के हवी. फेसाचे थेंब मोठ्या खडीला लपेटत नाहीत, ते या भुकटीला धरतात आणि तिच्या ठिपक्यांनी खडी एकमेकींना जागोजागी चिकटते. म्हणून मिश्रण काळंभोर दिसत नाही, मातकट करडं दिसतं. ते पाहून घाबरू नका आणि डांबर वाढवू नका. साधारण २ ते २.५ टक्के पुरतं. भुकटी कमी असेल तर कच घाला. एजंटाने ती उणीव भरून निघत नाही.

मूठभर मिश्रण दाबून हात उघडा. तळव्यावर बारीक काळे ठिपके सगळीकडे सारखे दिसले तर फेस पसरला. तारा निघाल्या किंवा वाटाण्याएवढ्या गोळ्या दिसल्या तर नाही.

मग १०० मिलिमीटर व्यासाचे मार्शल नमुने (साच्यात हातोड्याने ठोकून केलेल्या वड्या) दोन्ही बाजूंनी ७५ ठोक्यांचे करा आणि ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ७२ तास वाळवा. निम्मे कोरडे आणि निम्मे २५ अंशांच्या पाण्यात २४ तास भिजवून तोडा. वरच्या प्रतीच्या थरासाठी टीजी-२ नुसार आडवी ताणशक्ती कोरडी २२५ आणि ओली १०० किलोपास्कलच्या वर हवी. एजंटासह आणि एजंटाशिवाय असे दोन्ही संच करा. ओला आकडा निरखून बघा, कारण पृष्ठभागावर काम करणारं रसायन पाण्याशीही मैत्री करू शकतं. फेस सुंदर आणि ओली शक्ती घटलेली असं आढळलं तर तो एजंट परत करा, किंवा एजंटाशिवायच्या मिश्रणात थोडा चुना घालून बघा.

सहावी पायरी: साइटचा हिशेब

एक किलोमीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड थर म्हणजे ५२५ घनमीटर. कोरडी घनता २.१ टन प्रति घनमीटर धरली तर माल सुमारे ११०० टन. २.२ टक्क्यांनी डांबर २४ टनांच्या थोडं वर. त्यावर अर्धा टक्का एजंट म्हणजे सुमारे १२० किलो. फेसाचं पाणी अडीच टक्क्यांनी ६०० लिटर, आणि १ टक्का सिमेंट ११ टन. फेसाचं पाणी आणि दबाईसाठी मालात घालायचं पाणी हे दोन वेगळे हिशेब आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

२० टनांच्या टँकरला अर्ध्या टक्क्याने १०० किलो एजंट लागेल. तो पंपाच्या फिरत्या लाइनमधून हळूहळू सोडा आणि डांबर नीट फिरू द्या. वरच्या झाकणातून कॅन उपडा करू नका. एजंटात किंवा कॅनमध्ये थोडं जरी पाणी असलं तरी १७० अंशांच्या टँकरमध्ये त्याची वाफ होऊन डांबर उसळतं. या कामात माणसं अशीच भाजतात. लांब बाह्यांचा सुती शर्ट, चेहऱ्यावर पूर्ण कवच, कातडी हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय कोणीही टँकरजवळ जायचं नाही. अमाइनने कातडी आणि डोळे जळतात, त्याला वेगळे रबरी हातमोजे. डांबर अंगावर पडलं तर लगेच गार पाण्याची धार, निदान वीस मिनिटं. चिकटलेलं डांबर ओढून काढायचं नाही, ते डॉक्टर काढतील. काम सुरू होण्याआधी पाण्याचा ड्रम कुठे आहे हे प्रत्येकाला बोट दाखवून विचारा.

रिसायकलरच्या, म्हणजे रस्ता खरवडून त्यात फेस मिसळणाऱ्या यंत्राच्या, बाजूला एक चाचणी नोझल असतं. प्रत्येक टँकर जोडल्यावर पहिला फवारा त्यातून बादलीत घ्या, फुगवटा आणि अर्धायुष्य मोजा, मगच यंत्र पुढे जाऊ द्या. ऑपरेटर कुरकुर करतील, कारण मागे ग्रेडर आणि रोलर खोळंबलेले असतात. त्यांना थांबायला सांगणं हे तुमचंच काम. यंत्राच्या मागे चालत जा आणि पूर्ण रुंदीवर बघा. एखाद्या जागी तेलकट काळी रेघ दिसत असेल तर त्या रेघेवरचं नोझल फेस न करता नुसतं डांबर सोडतंय.

प्रत्येक टँकरमधलं एक लिटर डांबर, एजंट घालण्याआधीचं, पत्र्याच्या डब्यात काढून ठेवा. डब्यावर तारीख, टँकरचा नंबर, हातातल्या थर्मामीटरने मोजलेलं तापमान, एजंटाचा बॅच क्रमांक, मिसळल्याची वेळ आणि कुठल्या चेनेजपासून (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरापासून) कुठल्या चेनेजपर्यंत तो टँकर वापरला ते लिहा. ऑइल पेंटने लिहा, मार्कर पावसात पुसला जातो.